कोमल निषाद चिकटतो

मे महिना. गोळीबार चौकात दुपारी दोनला
कुत्रंसुद्धा सावली बदलत नाही.
माझा कूलर काळी एकच्या जरा खालून गुणगुणतो,
म्हणून पेटी सुरात लावताना मी तो बंद ठेवतो
आणि घाम पुसत बसतो.

तेव्हाच तो आला. इतवारी स्टेशनावर उतरून, पायी.
डोक्याला दुपट्टा, हातात छापलेला कागद.
"नीळकंठ बारापात्रे तुमीच काय?"
हो म्हणालो.
"मंग माही पेटी कोठी हाये?"

कागदावर पेटी होती. सागवानी, डबल रीडची,
भात्याला निळं कापड, उजव्या कोपऱ्यावर चट्टा.
मीच दुरुस्त केलेली, फोटोही मीच काढलेला,
याच फरशीवर, ही बघा, ही फुटकी.
आणि मीच विकलेली, सहा वर्षांपूर्वी,
यवतमाळच्या एका मास्तरणीला.

खाली बोली लागली होती.
नऊ हजार, साडेनऊ, दहा,
अकरा हजार चारशेला शेवटची, याची,
शालिकराम लांजेवार, तुमसर.
माझ्या दोनशे अडतीस चांदण्यांखाली,
ज्या मी बारा वर्षांत एकेक करून मिळवल्या.
कुणाला रीड घासून दिली, कुणाला भाता फुकट,
एकीला नुसतं फोनवर ऐकून सांगितलं
की खरखर पेटीत नाही बाई, तुमच्या पंख्यात आहे.

चोराला कुलूप फोडावं लागलं नाही.
मार्चात फोन आला होता. गोड आवाज.
"काका, पार्सलचा पत्ता तपासायचा होता,
सहा आकडे आलेत ना?"
मी चष्मा शोधून वाचून दाखवले.

फिर्यादी आणि आरोपी
एकाच स्कूटरवर बसून सायबरवाल्यांकडे गेलो.
वाटेत त्यानं माझा खांदा धरला होता,
खड्ड्यांमुळे, का पळून जाईन म्हणून, कोण जाणे.
तिथल्या पोरानं स्क्रीन वळवून दाखवली:
तुमच्या नावावर आधीच नऊ आहेत, काका.
सांगली, हुबळी, एक थेट जबलपूर.
एकाला मी म्हणे सॅक्सोफोन विकला.
सॅक्सोफोन मी फक्त वरातीत पाहिला आहे.

परत येऊन जुनी जाहिरात काढली, नवीशेजारी धरली.
"भाता नवा टाकला आहे. सूर तपासून पाठवतो.
आवाज आवडला नाही तर परत घेईन, नाराज होऊ नका."
शब्द न् शब्द माझा.
"दुरुस्ती"तला ऱ्हस्व-दीर्घही माझाच, चुकलेला.
बोली लावली ती माझ्याच बोलीत.
फक्त एक ओळ त्यानं काढली होती:
काळी एकला सा धरला तर
कोमल निषाद चिकटतो. पावसात जास्त.

लांजेवारला वाचून दाखवली.
तो बराच वेळ फुटक्या फरशीकडे पाहत राहिला.
"हे लिवलं असतं तं घेतली असती का?"
मी विचारलं, त्याच्याच भाषेत.
"भाव पाडून मांगितली असती. पन घेतली असती.
आमच्या भजनात तो निषाद लागते कितीक?"
आणि हसला. मग मीही. मग दोघांनाही लाज वाटली.

कोपऱ्यातली एक पेटी मी पुढे केली, भाता जुना, सूर शाबूत.
हात लावला नाही त्यानं.
"मंडळाले काय सांगू? कोनाच्या घरून आनली?"

सातच्या गाडीनं गेला.
कागद इथेच राहिला. मागच्या बाजूला
पेन्सिलीनं एकोणीस नावं, प्रत्येकापुढे सहाशे,
एका नावापुढे चारशे, आणि कंसात: दोनशे मी टाकले.

कागद आता भिंतीवर आहे, ट्यूनिंगच्या कानशीजवळ.
नवं खातं पोरीनं उघडून दिलं. चांदणी एकही नाही.
पहिल्या पेटीची जाहिरात लिहायला बसलो,
"दोष" एवढाच शब्द लिहून झाला
तर फोन वाजला. अनोळखी नंबर, बाहेरगावचा.

आधी कूलर बंद केला.
मग म्हणालो, हो,
मीच.